मागच्या दाराचं कुलूप

पाइताच्या बंदरावरच्या कारखान्यात आम्ही चाळीस बायका माकूळ मासळी साफ करतो. आमच्यातली सोराइदा चुंगा सगळ्यांत बडबडी, म्हणून गमतीनेच आम्ही तिला सुरक्षा प्रतिनिधी निवडलं. तिने मात्र ते मनावर घेतलं. तीन रविवार शिकायला जाऊन तिने तीन शब्द आणले: किरकोळ, गंभीर, अतिगंभीर. मग काय, माझ्या नवऱ्याचं घोरणंसुद्धा ‘गंभीर’ ठरलं.

महिन्याच्या अहवालात तिने लिहिलं: औषधपेटीवर यादी नाही, किरकोळ. हातमोजे फाटलेले, गंभीर. चोरी होते म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप, अतिगंभीर.

एवारिस्तो मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “एवढंसं कुलूप ते. किरकोळमध्ये टाक, बाई.”

“मालक, कुलूप केवढं ते नाही बघत. आत माणसं किती आणि त्यांचं काय होईल, ते बघतात.”

“किल्ली वॉचमन ओक्तावियोकडे असते. दोन मिनिटांचं काम.”

“मग उद्या सराव करू. तुम्हीही आमच्याबरोबर आत.”

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी अकराला घंटा वाजली. सोराइदा पुढच्या दारात हात पसरून उभी. “इथे आग लागलीय, मागे पळा.” आम्ही पळालो, सगळ्यांपुढे मालक. दार बडवलं, हाका मारल्या. वॉचमन ओक्तावियो किल्ली खिशात घालून बाजारात तळलेली मासळी खायला गेला होता. फोनही उचलेना.

“सात मिनिटं,” सोराइदा घड्याळ बघत म्हणाली.

मालकांनी कोट काढला. कुणीतरी गाणं सुरू केलं.

“बारा मिनिटं. मालक, धूर असता तर...”

“कळलं गं बाई.”

सतराव्या मिनिटाला ओक्तावियो तोंड पुसत आला. “काय झालं?” हसून हसून कुणाला उत्तर देता येईना. मालकही हसले, जरा उशिराने. मग अहवाल मागवून, एकही शब्द न खोडता, त्यांनी सही केली.

संध्याकाळपर्यंत कुलूप गेलं आणि आतून ढकलली की दार उघडेल अशी दांडी बसली. चोरी होऊ नये म्हणून वर एक घंटा, दार उघडलं की वाजणारी.

सोराइदा मला म्हणाली, “नोकरी जाणार असंच वाटत होतं गं.”

“मग केलंस कशाला?”

“तुम्हीच निवडलंत ना मला?”

तिने दांडी ढकलली. दार उघडलं, घंटा खणाणली, समुद्राचा वारा थेट आत आला, आणि चाळीस बायकांनी एकदम टाळ्या वाजवल्या.