एका ताग्यातले चार सफारी

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी उभं करावं, असं सगळेच सांगतात. मी बुजगावणं उभं केलं.

त्याआधी चौतीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात बोल्ट तपासत होतो. मापात असेल तो पुढे जाऊ द्यायचा, नसेल तो परत पाठवायचा. शोभा, म्हणजे माझी बायको, शाळेत चित्रकला शिकवायची. दोघंही सुटलो तेव्हा सूसचा फ्लॅट आमच्या मुलाच्या, निखिलच्या हवाली केला आणि मुठा गावात पाच गुंठ्यांवर दोन खोल्या बांधून राहायला आलो. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात मी मागच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरलो आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

निखिल त्याच दिवशी आला. त्यानं प्लास्टर पाहिलं, पायरी पाहिली, पुन्हा प्लास्टर पाहिलं.

"दिवाळीला तुम्ही दोघांनी सूसला यायचं. कायमचं."

"आणि इथलं?"

"विकून टाकू."

सूसचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. तिथं माझ्या वाट्याला गॅलरी आणि एक खुर्ची येते. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत असाच एक निवृत्त गृहस्थ असाच खुर्चीत बसलेला असतो. सकाळी तो मला हात करतो, संध्याकाळी मी त्याला हात करतो, की संपला दिवस. मला तिथं जायचं नव्हतं. शोभाला तर मुळीच नव्हतं. ती त्या रात्री जेवली नाही, आणि आमच्या संसारात हे फार मोठं विधान समजलं जातं. शेवटी बरीच घासाघीस होऊन निखिल म्हणाला, "दसऱ्यानंतर येऊन बघतो. सगळं ठाकठीक दिसलं तर विचार करू."

तेव्हा दसऱ्यापर्यंत सगळं ठाकठीक दिसणं भाग होतं. प्लास्टर निघालं. घराला रंग दिला (एका भिंतीला, तीच रस्त्यावरून दिसते). राहिला भुईमूग. तीन गुंठ्यांत आम्ही भुईमूग लावला होता, आणि तो भरला की निखिलच्या गाडीत शेंगांचं एक पोतं टाकून त्याचं तोंड बंद करायचं, असा आमचा बेत होता. या बेताची खबर मोरांना कुठून लागली कोण जाणे. शेंगा भरायला लागल्या आणि डोंगरावरून मोर, लांडोरी, त्यांचे पाहुणेरावळे असे सगळे उतरले. मी काठी घेऊन हाकलायला गेलो की ते पळत नसत. वयस्कर माणसाला वाट द्यावी तसे जरा बाजूला होत, आणि मी गेलो की पुन्हा जेवायला बसत.

हे सगळं कोंडाबाई बांधावरून बघत असायच्या. कोंडाबाईंची वीस-पंचवीस शेरडं आहेत. ती रोज आमच्या बांधावरून चरत जातात आणि बाई रोज आमची शेती तपासत जातात.

"सायेब, तुमाला बगून न्हाई भ्यायची ती. बुजगावणं करा येक."

"ते कसं करायचं?"

"दोन काट्या, येक मडकं, आन जुनी कापडं. त्याला काय शाळा लागतीया?"

मला मात्र शाळा लागली. मी त्याचा रीतसर नकाशा काढला. उंची पाच फूट सहा इंच, हात जमिनीला समांतर, मानेच्या मापात तीन मिलिमीटरची सूट. उंची माझीच धरली, कारण मोजायला मीच हाताशी होतो.

कपड्यांसाठी कपाट उघडलं. इथं एक खुलासा करायला हवा. कारखान्यात असताना मला एकदा बिस्किटी रंगाच्या कापडाचा अख्खा तागा स्वस्तात मिळाला होता, आणि मी त्याचे चार सफारी शिवून घेतले होते. शिंपी म्हणालासुद्धा की साहेब, एखादा निळा शिवा. पण कापड चांगलं होतं. अजूनही चांगलं आहे, ते फाटतच नाही. निवृत्तीनंतरही मी तेच घालतो. त्या चारांतला एक शोभानं बुजगावण्यासाठी काढला, आणि तो काढताना तिचा चेहरा मला वाजवीपेक्षा जास्त आनंदी वाटला.

मडक्यावर चेहराही तिनंच रंगवला. दुसऱ्या कोणी दोन टिकल्या आणि एक रेघ ओढून मोकळं झालं असतं. पण ही चित्रकलेची बाई. सकाळी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. कपाळावरच्या आठ्या, डाव्या भुवईतली खूण, ओठांची खाली वळलेली कड. वर माझा जुना चष्मा आणि उन्हातली टोपी.

"मी असा दिसतो?" मी विचारलं.

"जेवणात मीठ कमी असलं की."

बुजगावणं उभं राहिलं आणि त्याच दुपारी मोर गायब झाले. तेच कपडे, तीच उंची, तोच चेहरा. माझ्यासमोर जे पाहुण्यांसारखे जेवत होते ते त्याला पाहून डोंगर चढून गेले. मला आनंद झाला, पण निखळ झाला असं म्हणता येणार नाही.

मग दोन-तीन दिवस गावात काहीतरी विचित्र होऊ लागलं. रस्त्यावरच्या दुकानात मी साखर आणायला गेलो, तर पोपटराव दुकानदार साखर मोजता मोजता थांबले.

"सायेब, आमचं काय चुकलं का?"

"का हो?"

"काल दुपारी रस्त्यावनं दोन हाका मारल्या. तुमी बगितलं बी न्हाई."

"काल दुपारी तर मी झोपलो होतो."

पोपटरावांनी दुकानातल्या दोघांकडं पाहिलं, त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि मला साखर जरा जास्तच मिळाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, गावात आपला मान वाढतोय असं मी घरी येऊन सांगितलं.

इकडे दूध घालणाऱ्या सुमनबाईंनी शोभाला गाठलं होतं. हे सगळं पुढे उलगडलं, पण संभाषण असं झालं:

"बाई, सायबांना किती दिस असं उन्हात उभं करायचं?"

"शेंगा निघेपर्यंत," शोभा म्हणाली. ती आपली बुजगावण्याबद्दल बोलत होती; घरी ती त्यालाही 'साहेब'च म्हणायची.

"पावसात बी?"

"पावसात तर हवेतच. दुसरा उपयोग काय त्यांचा?"

सुमनबाई गावात परतल्या आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या मुठ्याला कळलं की बाईंनी सायबांना शेतात उभं केलंय. राहिलेल्या निम्म्याचं मत होतं की सायबांच्याच डोक्यावर परिणाम झालाय. खरी गोष्ट फक्त कोंडाबाईंना माहीत होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचा त्यांचा स्वभाव फक्त माझ्यापुरता आहे.

शेवटी पोपटरावांनी निखिलला फोन केला. ("वडलांकडं लक्ष ठेवा" म्हणून नंबर निखिलनंच त्यांना देऊन ठेवला होता.) "दादा, येऊन जावा जरा. वडील तीन दिस झालं शेतात येकाच जागी उभं हायेत. हाक मारली तर बगत न्हाईत. काल पाऊस झाला, तरी हाललं न्हाईत."

शनिवारी सकाळी मी शेतात होतो. भुईमुगाच्या कडेला शोभानं तुरीच्या दोन ओळी लावल्या आहेत, माणसाच्या उंचीच्या. त्यांच्या आड उकिडवा बसून मी शेंगांची मापं घेत होतो. अंगात सफारी क्रमांक दोन. तेवढ्यात गाडी थांबली, दार वाजलं आणि पावलं थेट बांधापर्यंत आली.

"बाबा."

निखिलचा आवाज. मी उठणार होतो. पण उकिडवं बसणं हा माझ्या वयात एक निर्णय असतो आणि उठणं हा वेगळा, त्याला वेळ लागतो. तुरीतून पाहिलं तर निखिल बांधावर उभा, पायांत ऑफिसचे बूट, खाली चिखल. तो बुजगावण्याच्या पाठीकडं बघत होता.

"बाबा, मी निखिल."

बुजगावणं काही बोललं नाही.

"रागावलात ना? मी विकायचं म्हणालो, म्हणून हे चाललंय का?"

मी अर्धा उठलो होतो, तो परत बसलो.

"तुमचं ते प्लास्टर बघितलं आणि मला काही सुचेना. घाबरलो हो मी. तुम्ही पडलात आणि मी तिकडे मीटिंगमध्ये बसलेलो. पण घाबरलो असं सांगता येत नाही मला, म्हणून मग हुकूम सोडले. तुमच्याकडूनच शिकलोय ते."

फोनवर आमचं बोलणं ठरलेलं असतं. "कसे आहात?" "बरा. तू?" "बरा. आईला द्या." अडतीस वर्षांत या मुलानं माझ्याशी सलग इतकी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं, आणि आता बोलत होता तर मडक्याशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघेही दुखत होते, पण पाणी त्याचं नव्हतं.

"नका येऊ सूसला. इथंच राहा. विकायचं पुन्हा नाव काढणार नाही. फक्त माझ्याशी बोला, बाबा."

याच क्षणी उठायला हवं होतं. कुठलाही चांगला बाप उठला असता. पण चौतीस वर्षांची सवय. माल हातात आल्यावर पक्का आहे की नाही हे दोनदा बघायचं. तो 'शब्द देतो' म्हणतोय का, हे ऐकायला मी आणखी जरा थांबलो.

"शब्द देतो," निखिल म्हणाला, आणि बुटांसकट चिखलात उतरला. बुजगावण्यापाशी गेला आणि त्यानं अलगद त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डोकं खाली पडलं.

मानेच्या मापातली तीन मिलिमीटरची सूट मला तेव्हा आठवली. निखिल ओरडला. एवढा वेळ बाबा बाबा करत होता, पण ओरडला ते "आई गं!" असं. त्यानं उरलेल्या धडाला मिठी मारली, काठी कडकन मोडली आणि दोघंही भुईमुगात आडवे झाले.

मी तुरीतून उठलो. तोच सफारी, तोच चष्मा, तीच टोपी.

"निखिल, घाबरू नकोस. मी इकडं आहे."

यानं त्याला धीर येईल अशी माझी समजूत होती. तो आणखी दोन हात मागे सरकला, चिखलातच, बसल्या बसल्या.

शोभा झारा घेऊन धावत आली. तिनं आम्हा तिघांकडं पाहिलं. एक चिखलात, एक तुरीत, एक बिनडोक्याचा.

"मडकं फुटलं?" तिनं विचारलं.

अर्ध्या तासानं आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. निखिलचे कपडे चिखलानं भरले होते, म्हणून शोभानं त्याला सफारी क्रमांक तीन दिला होता. तो त्याला इतका नेमका बसला की तिघांनीही त्याबद्दल काही न बोलणंच पसंत केलं.

"तुम्ही तुरीत केव्हापासून होतात?" त्यानं विचारलं.

"आत्ताच आलो होतो," मी म्हणालो. आयुष्यभर मी एकही खोटा बोल्ट पुढे जाऊ दिला नाही. हे एवढं एक वाक्य जाऊ दिलं.

"कारण मी जे काही बोललो ते तुम्हाला नव्हतं. म्हणजे, तुम्हालाच होतं, पण तुम्ही नव्हतात."

"मग आता आहे मी. बोल."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि बशीतलं बिस्कीट उचललं. "चहा छान झालाय," म्हणाला. मला पटलं ते. मीही हेच म्हणालो असतो.

तेवढ्यात बांधावरून कोंडाबाई बोलल्या. त्या केव्हापासून तिथं होत्या देव जाणे.

"दादा, म्या समदं ऐकलंय. हितंच ऱ्हावा म्हनलासा. शब्द दिला तुमी."

"अहो, पण तो बुजगावण्याला दिला, मावशी."

"त्याला दिला काय, ह्यास्नी दिला काय. कापडं तर येकच हायेत."

निखिलनं कप खाली ठेवला. मग स्वतःच्या अंगावरच्या बिस्किटी बाहीकडं त्याचं लक्ष गेलं आणि तो हसायला लागला. डोळे पुसून म्हणाला, "बरं. राहा इथंच. पण ती पायरी खरवडायची आणि कठडा बसवायचा. आजच." शोभा आत गेली आणि त्याच्या जेवणाचं पान वाढायला लागली. तिचा चेहरा मडक्यावर काढायला मला जमत नाही, नाहीतर तेव्हाचा काढून ठेवला असता.

जाताना आम्ही गाडीत पोतं टाकलं. अर्धंच होतं, बाकीच्या शेंगा अजून जमिनीत होत्या आणि त्या काढायला आठवडा होता. आता अडचण अशी की बुजगावणं मोडलं होतं, त्याचा सफारी दोरीवर वाळत होता आणि पौडहून नवं मडकं यायला दोन दिवस लागणार होते. मोर कुठले एवढे थांबायला!

"मग दोन दिवस तुम्हीच उभे राहा," शोभा म्हणाली. "तुमच्यावरूनच तर केलं होतं."

मी राहिलो. त्याच जागी, हात जमिनीला समांतर, ओठांची कड खाली वळवून. एव्हाना बुजगावण्याची गोष्ट गावभर झाली होती. रस्त्यावरून जाताना पोपटराव मला बघून हसले. "सायेब, ह्या टायमाला न्हाई फसायचो," म्हणाले आणि हाक न मारता पुढे गेले. पाचव्या मिनिटाला एक लांडोर उतरली. दहाव्या मिनिटाला ती माझ्या बुटाशेजारी शेंगा उकरत होती, आणि मागोमाग घरच्यांनाही घेऊन आली होती.

कोंडाबाईंनी बांधावरून सगळं नीट पाहिलं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "तुमी घरात जावा. मडकं येईस्तवर नुसती कापडंच टांगा."

मी घरात गेलो, सदरा-लेंगा घातला आणि अंगातला सफारी आणून काठीला टांगला. त्या दिवशी एकही मोर पुन्हा फिरकला नाही.