दहापैकी किती?

माझ्या भाचीइतकी कंटाळ्याची कदर करणारं माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडणार नाही. आणि तिनं कष्टानं जमवलेला कंटाळा नासवला तो मी, तिच्या सख्ख्या मामानं, हे आधीच कबूल करतो.

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला ती आमच्याकडे राहत होती. व्हिडिओ गेम खेळताना माणूस कंटाळला की काय करतो, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यापायी तिनं माझा जीव नकोसा केला. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात कानाशी येऊन विचारी, "मामा, कंटाळा दहापैकी किती?" माझ्या साहेबांच्या निरोपसमारंभात, साहेब बोलत असताना, पुन्हा तेच. मी डोळे वटारले की वहीत लिही, 'चिडचिड'. जेवताना मी मिठाची बरणी जरा फिरवली, तर आमटी वाढायची सोडून ती चाळा किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजी!

गेम तिनंच बनवलेला, मुद्दाम रटाळ. एका माणसानं आंबे या पेटीतून त्या पेटीत टाकायचे. पलीकडे समुद्र. वीस मिनिटं. गुण नाहीत, जिंकणं नाही. शेवटी फॉर्म: कंटाळा किती, शून्य ते दहा. आळीतली वीस माणसं आली. चहा मी देत होतो, आणि तिथेच माझा शहाणपणा नडला. प्रत्येकाला हळूच म्हटलं, "पोरीनं महिनाभर खपून केलंन्. कंटाळा आला असं लिहू नका हो, वाईट वाटेल तिला."

आळीनं शब्द पाळला. शेजारच्या काकूंनी गेममधल्या त्या माणसाला अकरा वेळा समुद्रात ढकललं. "मेल्याला पोहता पण येत नाय!" फॉर्मवर शून्य. निवृत्त पोस्टमास्तर तर खुर्चीतच घोरले. उठून म्हणाले, "छान हो, वेळ कसा गेला कळलंच नाही." शून्य.

तिच्या वहीत बुडवणं, घोरणं, आणि फॉर्मवर वीस शून्यं. मार्गदर्शक बाईंनी फोनवर विचारलं, "हे फॉर्म तू घरी बसून भरलेस का?" ती रडली नाही. वही मिटून पायरीवर बसली. पुढचे चार दिवस मला कुणी 'दहापैकी किती' विचारलं नाही. हवी होती ती शांतता मिळाली, आणि तीच नकोशी झाली.

पाचव्या दिवशी बाईंना फोन करून सगळं सांगितलं, मग तिला.

"अरे मामा, कंटाळाच तर हवा होता मला!" एवढंच म्हणाली ती.

बाईंनी नवी वीस माणसं आणायला मुदत दिली. ती माणसं जवळच्या मिरजोळे गावात मिळाली. चहा द्यायला मला बंदी होती. सगळं आटोपल्यावर, परत जायच्या आदल्या दिवशी तिनं मला खुर्चीत बसवलं. "आता तू. वीस मिनिटं. उठायचं नाही."

मी आंबे टाकत राहिलो. ती शेजारी घड्याळ घेऊन बसली होती. उद्यापासून ही खुर्ची रिकामी असणार, पूजेत कानाशी कुणी येणार नाही, हे मनात येत होतं. वीस मिनिटं फार लवकर संपली.

फॉर्मवर मी शून्य लिहिलं. खाली 'आणखी काही सांगायचं आहे?' अशी ओळ होती. तिथे लिहिलं, "बायो, हे शून्य खरं आहे. आधीची वीस माझी होती. माझ्यामुळे तुझ्या खरेपणावर शंका आली. चुकलो. माफ कर."