करवलीच्या मोबाइलपुढे माझा कॅमेरा

मित्रहो, एक कोडे तुम्हालाही पडले असेल. लग्नाच्या अल्बममधील नेटक्या फोटोंपेक्षा एखाद्या नातेवाइकाने मोबाइलवर काढलेला, जरासा हललेला फोटोच घरच्यांना अधिक का आवडतो?

आज सदर नावाच्या वस्तीतील एका मराठी लग्नात फोटो काढताना मला उत्तर मिळाले आणि ते मुळीच आवडले नाही.

सीमेवरील तणावामुळे नवरदेवाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुट्ट्या बंद आहेत. त्याला एकच दिवस मिळाला होता, म्हणून दुसरी संधी नव्हती. मी प्रकाश मोजून बोहल्याच्या बाजूला सज्ज होतो. अंतरपाट दूर झाला आणि मी नेमका क्षण टिपला.

जेवणानंतर वधूच्या आईने मात्र करवलीचा, म्हणजे नवरदेवाच्या बहिणीचा, मोबाइल माझ्यापुढे धरला. "भैया, भिंतीवर लावायला हाच फोटो मोठा करून द्या. डोळे पाहा ना माझ्या लेकीचे!"

करवली हसली. "काहून रुसून राहिले भैया? मी तर एका हातात दिवा धरून काढला!"

कारण साधे आहे. रीतीप्रमाणे करवली नवरदेवाच्या मागे उभी राहते. वधूची पहिली नजर थेट तिच्याच दिशेने येते. बाजूला उभ्या असलेल्या मला फक्त गाल मिळतो. कितीही भारी लेन्स घेतली, तरी ती जागा माझी होणार नाही. आज त्या मुलीचा मला भयंकर हेवा वाटला.

पडताळून पाहा. कोणासोबत घरी परतलात की त्याच्या खांद्यामागून दार उघडणाऱ्याचा फोटो काढा. मग दार उघडणाऱ्यालाच "इकडे बघा" म्हणून दुसरा काढा. आता सांगा, भिंतीवर कोणता लावाल?