घुगऱ्यांची मूठ

किसन मान टाकून पडला होता. त्याची बहीण रुखमा ओकत होती, सासू भिंतीला धरून ओकत होती, आणि मीही ओकत होते. माझी मोठी जाऊ बायजाबाई स्वतः ओकून आली आणि आपल्या पोराला खांद्यावर टाकून बैलगाडीकडे धावली. कळंबच्या दवाखान्यापर्यंत ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती. "झोपू नको रे... झोपू नको."

बायजाबाई जाऊन तीन आठवडे झाले. तेव्हाचं खरं आता लिहून टाकते.

पेरणी संपली की उरलेल्या बियाण्याच्या घुगऱ्या शिजवून घरात वाटायच्या, ही आमच्याकडची रीत. त्या साली सरकारी ज्वारीचं बियाणं पहिल्यांदा आलं होतं, औषधाची लाल पूड लावलेलं. खाऊ नका, असं ग्रामसेवकांनी चावडीवर बजावलं होतं. चावडीवर पुरुष होते. चुलीपाशी आम्ही होतो, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. लाल रंग दिसला म्हणून मी दाणे तीनदा धुतले आणि शिजवले. लग्नाला माझ्या चार महिनेही झाले नव्हते.

दवाखान्यातून परत आल्यावर सासूने विचारलं, "कोनं शिजवल्या या घुगऱ्या?"

माझं तोंड उघडण्याआधी बायजाबाई म्हणाली, "म्या."

"आजपासून चुलीले हात लावू नको!"

मागाहून मी विचारलं, "काहून वं बाई, खोटं बोलली?"

"तुले माहेरी धाडलं असतं. मले कोन धाडते? बैलाइतकं काम करतो मी." मग हसली. "बरं झालं, चुलीच्या धुरातून सुटली मी."

सासू होती तोवर स्वयंपाक मीच केला. बाई शेतात. पुढच्या पेरणीला ग्रामसेवक आले तेव्हा ती पुरुषांना सारून पुढे झाली. "मले सांगा. बियाणं घरात आम्ही ठेवतो, या मानसायले काय मालूम कोनतं मडकं?" औषध न लावलेल्या घरच्या ज्वारीची एक मूठ आधीच वेगळी काढायची, घुगऱ्या फक्त त्या मुठीच्या, हे तिने ठरवलं. औषध लावलेल्या बियाण्याच्या मडक्याला चुन्याची फुली मारून ते ती आढ्याला टांगायची. हळूहळू गावातल्या बाया मडकी घेऊन तिच्याकडे फुली मारून घ्यायला येऊ लागल्या. ग्रामसेवकही मग चावडीआधी आमच्या ओट्यावर यायचे.

ती फार गोड बाई नव्हती. माझ्या भाकरीला शेवटपर्यंत नावं ठेवली. पण त्या घुगऱ्यांचा विषय तिने माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही, भांडणातसुद्धा नाही.

बाईचं दिवसपाणी, तेरावं उरकल्यावर हे सगळं मी किसनला सांगितलं. तो म्हणाला, "मालूम हाय, काकू. मायनं कधीचंच सांगतलं." मला हलकं वाटलं.

फुलीचं मडकं आढ्याला आहे. यंदाची मूठ किसनने काढली, घुगऱ्या शिजवल्या मी. त्या साली लाल दाण्यांच्या घुगऱ्या आम्ही पाच जणांनी खाल्ल्या होत्या. पाचही जण वाचलो. सासू म्हातारी होऊन गेली, बाई आता गेली. किसन, रुखमा आणि मी आहोत.