निवड झाली, पापाले उठवा!

झाली! क्लिनिकल सायकॉलॉजीच्या कोर्सले निवड झाली माझी, अन् तेही इथंच, रायपुरात!

सायकॉलॉजी घेतली तेव्हापासून शेजारच्या काकू एकच विचारत, "पागलों की डॉक्टर बनेगी क्या?" पापा बिचारे मान खाली घालून निघून जात.

सकाळी इंटरव्ह्यू होता. मॅडमनं विचारलं, "समज, इथल्या उरला इंडस्ट्रियल एरियातल्या रोलिंग मिलमधला कामगार आला. झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणतो. पहिला प्रश्न काय विचारशील?"

मी टेस्टची नावं पाठ करून गेली होती. पण तोंडून निघालं, "भैया, शिफ्ट कौन सी चल रही है?"

मॅडम हसल्या. "हे कुठं शिकली?"

"घरी. पापा सिलतऱ्याच्या स्टील प्लांटात शिफ्टवर आहेत."

पापांची नाइट शिफ्ट असली की आमच्या घरी दिवसा कुकरही लागत नाही. आई आम्हाले कुजबुजूही देत नाही.

दुपारी निवडीचा फोन आला तेव्हा पापा झोपून होते. मी म्हटलं, संध्याकाळी सांगू. पण आईनंच त्यांना गदागदा हलवलं, "अहो, उठा! पोट्टीनं मैदान मारलं!"

पापा बनियनवरच गेटापाशी गेले अन् काकूले ओरडून सांगितलं, "हव, बनून राहिली पागलों की डॉक्टर! कोणाले नंबर लावायचा आहे?"

सायकॉलॉजीवाल्यांनो, पुस्तकात नसलेलं असं काय शिकले तुम्ही घरी? सांगा खाली.

आमच्याकडे आत्ता भरदुपारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारून राहिला, अन् गॅस बंद करायले कोणी उठून नाही राहिलं.