चार कोपऱ्यांची भाकरी
आज सकाळी गॅसवर माझ्या हातून भाकरी करपली आणि त्या वासासरशी मी थेट पन्हाळ्याच्या पायथ्याला जाऊन पोचलो. नववीत होतो. शाळेच्या पुरस्कार योजनेत पदकासाठी चार गोष्टी पुऱ्या करायच्या होत्या. समाजसेवा झाली होती, व्यायाम झाला होता, कौशल्य म्हणून सायकलचं पंक्चर काढायलाही शिकलो होतो. उरली होती दोन दिवसांची पायी मोहीम. नियम एकच, कुणाची मदत घेतली की पदक गेलं. आणि पहिल्याच दुपारी आमच्या चौघांची खिचडी पातेल्यात जळून कोळसा झाली. शेजारच्या बांधावर वैरणीचे भारे बांधणाऱ्या मावशींनी हाक मारली, "पावणं, उपाशी बसलाय व्हय? चला घरला जेवायला." आम्ही रडवेल्या तोंडानं नियम सांगितला. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग फुकट खाऊ नका की! हे चार भारं गोठ्यात न्या, पीठ घ्या आन् तुमची तुम्हीच थापा. मी हातबी लावत न्हाय." आम्ही भारे वाहून नेले आणि त्यांच्या चुलीपाशी भाकऱ्या थापायला बसलो. त्यांनी खरंच हात लावला नाही, नुसत्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. तेवढ्यात तपासणीला सर आले. चुलीपाशी मावशींना बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांनी भाकरी उचलून उलटसुलट पाहिली. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची आणि कोपरे चार. "मदत घेतलेली नाही," वहीत लिहीत सर म्हणाले, "दिसतंयच." आज ताटातली भाकरी बघून बायको हसायला लागली, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "हसू नकोस, हिला पदक मिळालंय."