गोदाममावशीची बेगमी

मावशीच्या खोलीत पाहुणा बसायचा तो खारकांच्या डब्यावर. खुर्चीला जागाच नव्हती. चाकणच्या आमच्या चाळीत पत्र्याचे सतरा डबे बाळगणारी ही एकटीच बाई, म्हणून सगळे तिला गोदाममावशी म्हणत. तिला ते आवडायचं.

बीडकडून नवऱ्याबरोबर आलेली. एका सकाळी त्याच्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं, तेव्हा दोघांनी आठ दिवस नुसत्या चहावर काढले. नवरा पुढे वारला, पण ते आठ दिवस तिच्या डोक्यातून गेले नाहीत. "पीठ ठिवू नगस बाबा, महिन्यात कडू व्हतंय. अख्खी ज्वारी ठिव, कडुलिंबाचा पाला घालून. फुटाणे, शेंगदाणे, गूळ. अंगाला लागतंय अन् टिकतंय बी." शिफ्ट करून दमून आलेल्या मला ती दारात अडवून हे ऐकवायची. मी वैतागायचो.

डब्यांतला जुना माल ती चाळीतल्या पोरांना वाटायची आणि नवा भरायची. स्वतः त्यातलं खाताना मी तिला अलीकडे पाहिलं नव्हतं. ते का, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीत गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. चाळीत आम्ही असेल ते वाटून खात होतो. मावशीचं नाव निघालं तेव्हा मीच म्हणालो, "तिचं काय घेऊन बसलात राव! ती आपल्या सगळ्यांना पोसेल." सगळे हसले. तिचं दार चार दिवस उघडलं नाही, तेही कुणाला खटकलं नाही.

पाचव्या दिवशी मी ते ढकललं, तेही फुटाणे मागायला. मावशी तापानं फणफणली होती. उशाशी गुळाचं पाणी. गिरणी बंद, त्यामुळे ज्वारी तशीच पडलेली. आणि फुटाणे चावायला तोंडात दात कुठे होते? टिकाऊ म्हणून तिनं निवडलेलं सगळंच कडक होतं. तिचे दात एकेक करून गेले, ते आम्ही रोज बघत होतो.

"अगं, हाक तरी मारायची!" मी ओरडलो.

"गोदामवालीनं कुणाकडं मागायचं, लेकरा?"

बायकोनं मऊ भात भरवला. दोन घास गेले. तिसऱ्या दिवशी मावशी गेली.

कागदावर तापानं गेली असं लिहिलंय. पण ती उपाशी होती आणि आमच्यामध्ये फक्त एक भिंत होती, हे मला ठाऊक आहे. हल्ली मी चाळीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज विचारतो, "आज काय खाल्लं?" भोचक म्हणतात मला. म्हणू देत. कुणी "जेवलो" म्हणालं, तरी पातेलं बघितल्याशिवाय मी दारातून हलत नाही.